आधी उघडून बघा

माझे बाबा मिक्सर-पंखे दुरुस्त करतात. गिऱ्हाईक दुकानात शिरता शिरताच सांगतं, "मोटर जळलीय हो." बाबा मान वर न करता म्हणतात, "आधी उघडू तर द्या." बहुतेक वेळा मोटरीतला नुसता कार्बन ब्रश झिजलेला असतो. चाळीस वर्षांत त्यांनी एकही मिक्सर न उघडता बाद केलेला नाही.

आणि अशा माणसाला त्या डॉक्टरने कागद बघून बाद केलं! आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन चौदा महिने झाले होते. मग एकाएकी थंडी वाजून ताप, बसलं की ठणका. स्कॅनमध्ये ऑपरेशनच्याच जागी काहीतरी चमकलं. डॉक्टर बाबांकडे न बघता मला म्हणाले, "कॅन्सर परत आलाय. सोमवारपासून केमो." ताप का येतोय, एवढं विचारायलासुद्धा त्यांना सवड नव्हती.

मी रडायला लागले. बाबा मात्र भडकले.

"साहेब, सुई घालून बघितलंत का?"

"गरज नाही. चित्र स्पष्ट आहे."

"मी मिक्सरसुद्धा असा मोडीत काढत नाही," बाबा म्हणाले, आणि फाइल उचलून चालते झाले.

दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी आधी तापाचं विचारलं, रक्त तपासलं, मग सुई घातली. वाटीभर पू निघाला! ऑपरेशनची जागा इतक्या उशिरा आतून चिघळली होती. "स्कॅनमध्ये दोन्ही सारखंच चमकतं," बाई म्हणाल्या. तिथल्या मांसाचा तुकडाही तपासायला पाठवला. त्यात कॅन्सरचा मागमूस नव्हता. "यावर केमो दिली असती, तर जंतू अंगभर पसरून जिवावर बेतलं असतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पहिल्या डॉक्टरला मी फोनवरच फैलावर घेतलं. "जित्या माणसाला न तपासता मेल्यात जमा करता? लाज नाही वाटत?" बाबा खाटेवरून ऐकत होते.

दोन आठवड्यांनी पू वाहून जायला घातलेली नळी निघाली. बाबा घरी न येता थेट दुकानात गेले. मी मागोमाग धावले, पण उशीर झाला होता. कामाचं टेबल रिकामं होतं.

"माझी हत्यारांची पेटी?"

शेवटी सांगावंच लागलं. "शेजारच्या रेडिओवाल्या काकांना दिली. स्कॅन आला त्याच संध्याकाळी. मला वाटलं, आता तुम्हाला कशाला..."

बाबांनी टेबलावरची धूळ हाताने पुसली.

"तो डॉक्टर निदान मला ओळखत तरी नव्हता गं," ते म्हणाले.