लिहून घ्या, जिवंत आहे

राइट टाउन या आमच्या वस्तीत समोर राहणाऱ्या काकू बोलताना शेवटचा शब्द दोनदा म्हणतात. माझ्या बायकोला स्तनाचा कर्करोग निघाला, तेव्हा सगळे नातेवाईक कुजबुजत होते. काकू मात्र मोबाइल घेऊन सरळ बैठकीत आल्या. याच आजारातून त्या उठल्या होत्या.

"हे पाहा, कोणत्या देशात किती जणी यातून वाचल्या, सगळं इथं आहे. कुणीही पाहावं, पाहावं."

बायकोनं स्वतः आकडे वाचले आणि विचारलं, "आपल्याकडचा आकडा इतका कमी काहून?"

"आपण दवाखान्यात उशिरा जातो. आणि बरे झालेले परत तोंडच दाखवत नाहीत. मग मोजणार कुणाला, कुणाला?"

पुढच्या आठवड्यात मी काकूंना स्कूटरवर दवाखान्यात नेलं. त्या दर वर्षी जातात, हे मला तिथंच कळलं. नोंदणीच्या खिडकीतल्या नव्या मुलीनं विचारलं, "क्या तकलीफ है, आंटी?"

"कोई तकलीफ नहीं, बेटा. ज़िंदा हूँ. लिख लो, लिख लो."

मुलगी हसली आणि तिनं नोंद केली. रांगेतल्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या बाया काकूंकडे बघतच राहिल्या. दोघींनी सरकून त्यांना मधे बसवलं आणि त्या किती वर्षं झाली, काय खाता, केस कधी आले, असं विचारू लागल्या. काकू ताठ बसून उत्तरं देत होत्या.

एका बाईनं मला विचारलं, "भैया, आपकी अम्मा हैं?"

"हमारी हैं," मी म्हणालो.