पाण्याच्या दिवसाची गैरहजेरी

शिष्यवृत्तीच्या जादा वर्गातून माझ्या मुलीचं नाव काढणार, हे बाईंनी मला भर पालकसभेत सांगितलं. "फार दांड्या मारते. घरच्यांनाच शिक्षणाची किंमत नसेल तर आम्ही काय करायचं?"

किंमत! डोक्यावर टोपली घेऊन, जुन्या साड्यांवर स्टीलची भांडी देत मी हे शहर पायी पालथं घातलं, तेव्हा कुठे दुकान झालं. किंमत मला शिकवायची नाही.

मुलगी घरी राहायची ती नळाला पाणी येईल त्या दिवशी. नवरा वाळूजला कंपनीत, मी दुकानात. चार-सहा दिवसांनी येणारं पाणी कोण भरणार? मीच तिला ठेवायचे. मागच्या पाण्याला पलीकडच्या गल्लीत बाईही पाइप ओढत होत्या, हे तिनेच मला सांगितलं होतं. मी उठले.

"बाई, परवा पाणी आलं तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"मी अर्धी रजा टाकली होती."

"तुमची ती रजा अन् तिची ती दांडी व्हय?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाई लाल झाल्या, पण हटल्या नाहीत. "काहीही म्हणा ताई, अभ्यास तर तिचाच बुडतो ना?"

हे मात्र खरं होतं. मग मी सौद्यावर आले. "नाव राहू द्या. यापुढे पाण्याच्या दिवशी ती दिसली नाही, तर खुशाल काढा."

संध्याकाळी गल्ली गोळा केली. पाणी येईल तेव्हा पाळीपाळीने एका घरचं मोठं माणूस थांबेल, सगळ्यांची पिंपं भरेल. पोरं शाळेत जातील. शेजारचा रिक्षावाला उसळला.

"भाभी, माझा धंदा बुडतो!"

"अन् तुझ्या पोरीची शाळा बुडते ती?"

"तुमची जीभ लई चालते."

"तिच्यावरच दुकान चालतं. पाळी कधी घेतो ते बोल."

"आधी तुम्ही घ्या, मग बघू."

घेतली. पाणी नेमकं लग्नसराईच्या गर्दीत आलं. गिऱ्हाइकं दारात असताना शटर ओढलं आणि घरोघरी पाइप फिरवला. मुलगी दप्तर अडकवून उंबऱ्यात घुटमळत होती.

"आई, मागचं पिंप राहिलं."

"जा म्हणते ना!"

गेली. पुढच्या पाण्याला रिक्षावाला कुरकुरत का होईना, थांबला. जादा वर्गातलं नाव राहिलं. बाई रस्त्यात भेटल्या की हसतात. मी नाही हसत. चारचौघांत बोललेलं चारचौघांतच मागे घ्यावं लागतं. पुढच्या पालकसभेला मी पहिल्या बाकावर बसणार आहे.