वडप्याहून आलेलं पार्सल

चहा येईपर्यंत एक सांगू? हसायचं तर मोकळेपणाने हसा, पण कप खाली ठेवून हसा. मागच्या वेळी हे ऐकताना आमच्या मेहुण्याने नवाकोरा शर्ट खराब करून घेतला.

तर मी भिवंडीत एका दवाखान्यात ब्रदर. म्हणजे पुरुष नर्स हो! आणि वर आपत्कालीन तयारीचा प्रमुख. आग लागली, इमारत पडली, गोदामात काही कोसळलं आणि एकदम ढीगभर जखमी दारात आले, तर कोणी काय करायचं, हे शिकवण्याचं काम माझं. मला ते भारी आवडतं. खरं सांगू? त्यातला माईक आवडतो. बायको म्हणते, लग्नातसुद्धा भन्तेजींच्या हातातला माईक घेऊन जेवणाची सूचना तुम्हीच दिली होतीत.

अशात कानावर आलं की ठाण्याहून एक मोठे साहेब आमचं मॉक ड्रिल बघायला येणार, आणि ज्याचं काम आवडेल त्याला जिल्ह्याचा ट्रेनर करणार. जिल्ह्याचा! म्हणजे शहापूर, मुरबाड, सगळीकडे मी आणि माईक! मी आमच्या सुपरिंटेंडेंट मॅडमना छाती ठोकून सांगितलं, "मॅडम, तुम्ही फक्त हार आणून ठेवा. बाकी सगळं माझ्यावर सोडा."

ठरलं असं, की वडप्याच्या एका गोदामात मालाचे रॅक कोसळले असं समजायचं. तिथले कामगार जखमी झाल्याचं नाटक करणार, गावची मदत टोळी त्यांना उचलणार आणि दवाखान्यात आम्ही त्यांना घेणार. टोळीचे म्होरके बाळारामकाका. गोदामाची जमीन त्यांचीच. गळ्यात सोन्याची साखळी, आणि आवाज असा की हायवेवरचा ट्रकवाला दचकून ब्रेक मारतो.

ह्या टोळीला मीच ट्रेनिंग दिलं होतं, अगदी जीव ओतून. "डोक्याला मार लागलेला माणूस काय म्हणतो? मला काही झालं नाही म्हणतो! उठून बसतो, भांडतो, मी अमुक आहे, मी तमुक आहे म्हणतो. ऐकायचं नाही! आडवा करा, मान हलू देऊ नका, बांधा आणि आणा!"

हे लक्षात ठेवा बरं का. काकांनी ठेवलं होतं.

ड्रिलच्या दिवशी सकाळी गोदामात पोचलो, तर काकांचा पुतण्या गणेश हात जोडून उभा. हा तिथे फोर्कलिफ्ट चालवतो. डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेल्या पेशंटचं काम त्याला दिलं होतं.

"ब्रदर, मना न्हाय जमाचा. आज सर्वपित्री हाय. आजच्या दिशी मेल्यावानी परलू तं आई घरान घेनार न्हाय."

घ्या! तारीख वरून आली, तेव्हा कॅलेंडर बघायचं कोणाला सुचलंच नाही. आमच्या घरी, टेमघरला, अमावस्या वगैरे कोणी मानत नाही, त्यामुळे माझ्या तर डोक्यातही आलं नव्हतं. मी म्हटलं, "जा रे तू, घरी पितरांना वाडी ठेव. त्यात काय एवढं! मी झोपतो."

विचार साधा होता. टोळी येईल, मला बघून हसेल, मी टाळ्या घेऊन उठेन आणि बाईकवरून साहेबांच्या आधी दवाखान्यात. गणेशने माझ्या कपाळाला लाल रंग चोपडला आणि घरी पळाला. अदलाबदल झाली हे ना त्याने कोणाला सांगितलं, ना मी.

मी रॅकखाली आडवा झालो. पण नाटकात जीव नको का? म्हणून शेजारची रिकाम्या खोक्यांची थप्पी पायाने जरा ढकलली. जरा हो! सगळी धडाधड माझ्या अंगावर. लागलं काहीच नाही, पण आवाज असा झाला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. आणि नेमके त्याच वेळी काका आत आले.

"आरं देवा! ह्यो तं आपला ब्रदर! खरोखर लागला रं ब्रदरला!"

मी खोक्यांतून डोकं वर काढलं. "काका, मला काही झालं नाही!"

काका थबकले. टोळीकडे वळले आणि बोट वर केलं. "बगा! काय शिकवलाय आपल्याला? काय झाला न्हाय बोलतंय!"

"अहो, हा रंग आहे!"

"रगताला रंग बोलतंय. अवघड हाय."

"काका, मी ट्रेनर आहे! मीच शिकवलं ना तुम्हाला!"

"झाला, मी अमुक नि मी तमुक चालू झाला," काका म्हणाले. "बांदा!"

आता बांधणारे कोण? टोळीतले सगळे गोदामवाले! ह्यांची सगळी हयात माल बांधण्यात गेली. त्यातले सलीमभाई पॅकिंगचे उस्ताद. काचसामान बांधतात, पण फुटका कप कधी परत आला नाही. त्यांनी मला फळीवर घेतलं, मानेला दोन्हीकडून पुठ्ठा लावला, अंगावरून पट्ट्या ओढल्या आणि वरून पॅकिंगची ती पारदर्शक पन्नी. गर्र, गर्र, गर्र! गळ्यापासून घोट्यापर्यंत! हात आत, फोन आत, बाईकची चावी आत.

मी कळवळून म्हटलं, "सलीमभाई, तुम तो समझो! मैं एकदम ठीक हूँ!"

"हाँ हाँ, ठीक ही हो," ते इतक्या मायेने म्हणाले की मला रडू यायचं बाकी राहिलं. "बस हिलना मत, ब्रदर. हमारा माल आज तक टूटा नहीं."

आणि सवयीने माझ्या छातीवर स्टिकर मारला. काचेच्या पेल्याचं चित्र आणि शेजारी वर जाणारे बाण.

अ‍ॅम्ब्युलन्स हायवेच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली. काका थांबतात होय? मालाच्या टेम्पोत चढवलं मला! पेशंटला झोपू देऊ नका, बोलत राहा, हेही मीच शिकवलेलं. त्यामुळे वडप्यापासून भिवंडीपर्यंत काकांनी मला त्यांच्या मुलीच्या हळदीत कोण कोण कसं नाचलं ते सांगितलं. मी जरा डोळे मिटले की गालावर चापट.

दवाखान्याच्या दारात मला उतरवलं आणि काका बाकीच्या जखमींना आणायला परत गेले. दारात आमच्या सुनंदा सिस्टर, कोणत्या पेशंटला आधी आत घ्यायचं ते निवडायला उभ्या. आता त्यांना मी काय शिकवलं होतं? ओरडणाऱ्याकडे आधी धावू नका. ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे. गप्प पडलेल्याकडे आधी बघा!

आणि मी तर बोंबलत होतो. "सिस्टर, मी आहे, मी! सोडवा मला!"

काकांच्या चापटांनी रंग तोंडभर पसरलेला, कानापर्यंत पुठ्ठा. सख्ख्या आईने ओळखलं नसतं. त्यात डोक्याला मार लागलेला पेशंट आरडाओरडा करणार, हेही मीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं. सिस्टरनी एक नजर टाकली आणि पिवळी पट्टी बांधली. "श्वास उत्तम. हा थांबू शकतो. मामा, ह्याला भिंतीशी ठेवा."

वॉर्डबॉय मामांनी ठेवलं. बाण बघून, उभा ठेवला!

तिथून मी सगळं ड्रिल पाहिलं. आणि काय सांगू, इतकं सुरेख ड्रिल आमच्याकडे कधी झालं नव्हतं. स्ट्रेचर धावत होती, कोणी कोणाला आपटत नव्हतं, कोणी कोणावर ओरडत नव्हतं. माझ्याशिवाय! अभिमान वाटावा की वाईट वाटावं, मला कळेना. बहुतेक वाईटच वाटलं.

ठाण्याचे साहेब तर बेहद्द खूश. "वा मॅडम! ह्याचे प्रमुख कोण? भेटवा ना."

मॅडम ओशाळल्या. "सर, सकाळपासून गायब आहेत. थांबा, फोन लावते."

आणि पन्नीच्या आतून माझाच आवाज आला. रिंगटोन हो! ट्रेनिंगसाठी मी स्वतः रेकॉर्ड केलेली. "नमस्कार, मी तुमचा ब्रदर बोलतोय! घाबरू नका, शांत राहा!"

साहेब आवाजाच्या मागोमाग भिंतीपर्यंत आले. मॅडमनी रुमालाने माझं तोंड पुसलं आणि किंचाळल्या, "ब्रदर! तुम्ही?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात उरलेले जखमी घेऊन काका दारात हजर. तिथूनच गरजले, "साहेब, त्याचा काय ऐकू नका! डोक्याला लागलाय. मघापासून बोलतंय, मी ट्रेनर हाय!"

सगळा उलगडा झाल्यावर साहेब इतके हसले, इतके हसले, की त्यांनाच स्ट्रेचरवर बसवून पाणी द्यावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाले, "शिकवलेलं इतकं तंतोतंत पाळणारा माणूस मी पाहिला नाही." आणि मी मागवलेला तो हार त्यांनी काकांच्या गळ्यात घातला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि पेशंट म्हणून हेच हवेत बरं का."

तेव्हापासून शहापूर, मुरबाड, सगळीकडे जातो ना मी! माईक काकांच्या हातात आणि मी पन्नीत. परवा मुरबाडला बांधल्यावर पायात खरोखर गोळा आला. जीव कासावीस झाला हो! मी ओरडलो, "काका, थांबा, हे खरं आहे!"

काकांनी शांतपणे माईक तोंडाशी नेला. "बगा, पेशंट काय बोलतंय. ऐकाचा काय?"

आणि अख्खं मुरबाड एका सुरात गरजलं, "न्हाय!"