ताटावरचा आडवा हात

ताटावर आडवा हात धरून ‘पुरे’ म्हणणाऱ्या माणसाचं त्याच्यापुढे काही चालत नसे. तो आधी तुमचं मनगट धरायचा, हात अलगद बाजूला सारायचा आणि मोकळ्या झालेल्या जागेत भात वाढायचा. वर म्हणायचा, “लाजतो काय बे? घरचंच आहे.” तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. आमचा नागपूरचा होता. इथे न्यू जर्सीत, आयसेलिनला आमच्या मागच्याच रस्त्यावर राहायचा, आणि आम्ही दोघं वर्षानुवर्षं एका गाडीतून जर्सी सिटीला कामावर जात होतो.

त्याला लिम्फोमा नावाचा कॅन्सर झाला आणि तो हॉस्पिटलात जाऊन पडला. स्वभाव मात्र तोच राहिला. भेटायला आलेला माणूस खुर्चीत टेकायच्या आत हा पडल्यापडल्या यजमान व्हायचा. समोरचा जेवणाचा ट्रे ढकलत म्हणायचा, “ऑफिसातून थेट आलास ना? ही जेली घे. हिरवी आहे, पण वाईट नाही.”

“अरे, ते तुझं जेवण आहे.”

“लाजतो काय बे? घरचंच आहे.”

आजारी माणसाचं मन कसं मोडायचं? मी खायचो. आमच्या मराठी मंडळातले लोक संध्याकाळी दोघादोघांनी यायचे, तेही खायचे. एका काकूंनी तर चतुर्थीच्या उपासाला पुडिंग खाल्लं. दूधच असतं त्यात, म्हणाल्या.

नर्स खूश होती. भिंतीवरच्या पांढऱ्या बोर्डावर ती रोज ‘जेवण शंभर टक्के’ असं लिहायची आणि शेजारी हसरा चेहरा काढायची. त्याच्या खाली वजन लिहिलेलं असे. ते मात्र उतरत होतं.

माझं आयुष्य आकडे जुळवण्यात गेलं आहे. न जुळणारा आकडा दिसला की मला बसवत नाही. त्यात डॉक्टरांनी त्याच्या बायकोला बजावलं होतं की वजन आणखी उतरलं तर पुढची केमो देता येणार नाही. वहिनी मला कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणाल्या, “भावजी, सगळं संपवतात हो. मग जातं कुठे?”

“मी बघतो,” म्हणालो आणि आत जाऊन दार लावलं.

“ट्रे रिकामा आणि वजन कमी. हे टॅली होत नाही.”

“तुझ्या कंपनीत सगळं टॅली होतं का?”

“विषय बदलू नकोस. आज काय खाल्लंस?”

त्याने माझ्या पोटाकडे बोट दाखवलं. “स्वतःचं वजन कर. तिथे सापडेल.”

मला हसू आवरेना, आणि रागही असा आला की पेशंट नसता तर दोन ठेवून दिल्या असत्या. मग तोच हळू आवाजात म्हणाला, “अरे, सगळ्याला खिळ्याची चव लागते. भात, जेली, पाणीसुद्धा. पण ट्रे रिकामा दिसला की ही घरी जाऊन झोपते रे.”

म्हणजे इतके दिवस आम्ही सगळे सभ्यपणे, चमच्याचमच्याने, त्याची केमो खात होतो.

वहिनींना मी काही सांगितलं नाही. मंडळातल्यांना मात्र एकेकाला फोन करून सांगितलं: यजमानाने घास घेतल्याशिवाय कुणी चमचा उचलायचा नाही.

“घे ना.”

“आधी तू.”

“मला नको बे.”

“मग मीही उपाशी जातो.”

हे त्याच्या वर्मी लागायचं. पाहुणा उपाशी परत गेलेला त्याला सहनच होत नसे. शिव्या देत तो एक चमचा घ्यायचा. मग मी मुद्दाम निवडून खादाड माणसं पाठवू लागलो. त्यातला एक दांडगा गडी नुसता ट्रेकडे बघत सुस्कारे सोडायचा. त्याच्या पायी यजमानाला अख्खं सूप प्यावं लागलं.

“याला परत पाठवू नकोस,” तो मला म्हणाला. “कॅन्सरने नाही, याच्यामुळे मरेन.”

वजन उतरायचं थांबलं. केमो झाली. उन्हाळ्यात पार्कातल्या पिकनिकला डोक्यावर एक केस नसलेला हा माणूस माझं मनगट धरून मला वांग्याची भाजी वाढत होता.

हिवाळ्यात आजार परत आला. या वेळी बोर्डावर वजन लिहीत नव्हते. ते माझ्या लगेच लक्षात आलं.

शेवटचा भेटलो तेव्हा ट्रेवर तीच हिरवी जेली होती. मी झाकण काढलं. “आधी तू,” म्हणालो. त्याने हात उचलला आणि जेलीवर आडवा धरला. त्याला असं करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मी मनगट धरलं. हात बाजूला सारणं काहीच अवघड नव्हतं. थोडा वेळ तसंच धरून बसलो, मग सोडलं, जेली माझ्याकडे ओढली आणि एकट्याने खाऊ लागलो. तो डोळे मिटून चमच्याचा आवाज ऐकत होता.

“संपली?”

“संपली.”

“मग सांग, मी खाल्ली म्हणून. बाहेर ही बसली आहे.”

मी बाहेर आलो. वहिनी उठून उभ्या राहिल्या.

“शंभर टक्के,” मी म्हणालो.