नाव उडवणारा

दिल्लीत मयूर विहारला मी ज्याच्याकडे स्वयंपाक करायचे, त्या माणसाच्या तोंडात सारखी मारामारी. फोन कानाला लावला की सुरू. "उसको काट दो." "ये तो मर गई, फेंको." "उसको आज अंदर डाल दो." मी पोळ्या लाटता लाटता ऐकायची. माणूस पुण्याकडचा, सभ्य, मला मावशी म्हणायचा. पण सभ्य माणसांचंच काही खरं नसतं.

काम काय करता विचारलं, तर म्हणाला, "पेपरात आहे. डेस्कवर असतो."

म्हटलं, "टेबलावर बसून कसलं काम?"

हसला. "मावशी, बाहेर फिरतो तो रिपोर्टर. टीव्हीवर ओरडतो तो अँकर. खेड्यातून बातमी पाठवतो आणि ज्याला कोणी विचारत नाही, तो स्ट्रिंगर. आणि या सगळ्यांनी लिहिलेलं कापतो, तो डेस्कवाला. मी खेळाच्या पानाचा."

तेव्हापासून आमच्या घरी तो डेस्कवालाच झाला. पण माझा काही विश्वास बसला नाही. दुपारपर्यंत झोपायचं, संध्याकाळी कामाला जायचं, हे कसलं ऑफिस?

विश्वास ठेवणं मला कधी परवडलंच नाही. नवरा आर. के. पुरमला सरकारी शिपाई होता. तो गेला, क्वार्टर गेलं. "भाभीजी, आपको कोई नहीं निकालेगा" म्हणणाऱ्यांनीच माझी भांडी जिन्यात आणून ठेवली. मग गाझियाबादला खोली घेतली. लेक आजारात गेली, जावयानं दुसरं लग्न केलं, नात माझ्याकडे राहिली. रडून काय होतं? पोळ्या केल्या. नात, पिंकी, कबड्डीत चमकली. टीममध्ये आली तर होस्टेल, शाळा, जेवण, सगळं सुटत होतं. माझ्यामागे तिचं काय, हा एकच घोर होता मला.

एकदा पिंकी प्रॅक्टिसवरून खोलीची किल्ली न्यायला तिकडे आली. डेस्कवाल्यानं तिच्या पोटऱ्या पाहिल्या.

"काय झालं गं?"

"पडले, भैया."

"पडल्यावर असे वळ उठत नाहीत."

मी मधे पडले. "तुम्हाला काय करायचंय? निवड तोंडावर आलीय तिची."

पण तो तिथंच जमिनीवर बसला. गप्प माणसासमोर पोरं बोलतात. कोच दोरीनं मारायचा, सगळ्याच मुलींना. बोलली की टीममधून बाहेर. पिंकी सगळं बोलून गेली. हा आता पोरीचं काय करणार?

थोड्या दिवसांनी मी भाजी चिरत होते, तर बाहेरून आवाज. "हाँ, वही पिंकी. लड़की को उड़ा दो. पूरा उड़ा दो, आज ही."

मी विळी टाकून बाहेर आले. "माझ्या नातीला कोणाकडून उडवताय?"

त्याच्या हातातला चहा सांडला. "अहो मावशी, नाव! बातमीतून तिचं नाव काढायला सांगतोय. आमच्यात उडवणं म्हणजे पुसणं."

"आणि मारणं?"

"तेही पुसणंच."

"उद्या पेपर बघीन, मग ठरवीन," मी म्हटलं.

मला वाचता येत नाही. पिंकीनं वाचून दाखवलं. दोरी होती, वळ होते, कोच होता. पिंकी कुठंच नव्हती. नुसतं, 'सूत्रों ने बताया'.

"सूत्र म्हणजे कोण?" मला मंगळसूत्र तेवढं माहीत.

"मीच, यार आजी!"

वर मात्र डेस्कवाल्याचं स्वतःचं नाव होतं, मोठ्या अक्षरात. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "हे का नाही उडवलं?"

"कुणाचं तरी लागतंच की, मावशी."

त्याच आठवड्यात दोन माणसं फ्लॅटवर आली. गोड बोलणारी. त्यांच्यातल्या एकाला मी पिंकीच्या कबड्डी अकॅडमीच्या फाटकाशी पाहिलेलं. "भाईसाहब, आपके पेपर के मालिक हमारे दोस्त हैं. बस इतना बता दो, कौन सी लड़की थी?"

मी ओट्याशी उभी. तव्यावरची पोळी करपत होती, पण मला हलता येईना. वाटलं, आता हा माझ्याकडे बघेल. नुसतं बघितलं तरी त्यांना कळणार होतं.

"नाम तो याद नहीं," तो म्हणाला. "हमारे यहाँ रोज़ इतने नाम आते हैं."

बराच वेळ बसली ती माणसं. धमकावून झालं, समजावून झालं. त्यानं एकदाही स्वयंपाकघराकडे मान वळवली नाही. पाणीसुद्धा स्वतः उठून दिलं.

कोचला रजेवर पाठवलं. निवड दुसऱ्यांनी केली, त्यात पिंकी आली. होस्टेलला गेली. आणि डेस्कवाल्याच्या घरात खोकी भरायला लागली.

"कुठं निघालात?"

"पुण्याला. कंटाळा आला दिल्लीचा. नोकरी मीच सोडली, मावशी."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. लोक खोटं बोलतात तेव्हा मला कळतं, आयुष्यभर तेच ऐकत आलेय. त्याचंही कळलं. पण पहिल्यांदाच मी उलटं काही विचारलं नाही. "बरं केलंत," म्हटलं, आणि वाटेतल्या जेवणाच्या पोळ्या बांधायला आत गेले.