मिलिटरीचा पट्टा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. पलटणीतल्या जिगरी दोस्ताला नाही, सख्ख्या भावाला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या गावचे नाही म्हणून असेल. कुंडलच्या अलीकडे आमचं गाव. तिथं माझा अजून मान आहे. भरतीची तयारी करणारी पोरं दाराशी येतात आणि विचारतात — आबा, कुत्र्याबरोबर पळायचं तर काय काय लागतं?

मी मिशीला पीळ देतो. पायात कॅनव्हासचे बूट, नाड्या आवळून. दोर हातात नाही, कमरेला — हात मोकळे असले तरच माणूस पळतो. कुत्र्याच्या गळ्यात काही बांधायचं नाही, पट्टा छातीवरून घ्यायचा. दोराच्या मध्ये वीतभर सायकलची ट्यूब, म्हणजे हिसका बसत नाही. पोरं माना डोलावतात. मी एवढंच सांगतो आणि चहा मागवतो.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षाची गोष्ट. लग्नाला सहा महिने झाले होते आणि मी दोन महिन्यांच्या रजेवर आलो होतो. बायको जतकडची. तिच्या वडिलांची कोरडवाहू ज्वारी आणि थोडी मेंढरं. तिचं माहेरचं नाव गौरव्वा. आमच्या घरात आल्यावर रीतीप्रमाणे नाव बदललं, सुमन ठेवलं. वडिलांनी लेकीबरोबर एक कुत्री पाठवली होती — पाखरी. लांब पाय, पोट पाठीला लागलेलं, पळायला लागली की जमिनीला पाय लागतात की नाही अशी शंका यावी. आई म्हणायची, ‘‘सोनं धाडायचं सोडून कुत्रं धाडलं बापानं!’’ भाकरी जाड झाली, आमटीत मीठ जास्त पडलं, की आईचं ठरलेलं — ‘‘जतची हाय, तिला काय कळतंय?’’ सुमन ऐकून घ्यायची. मीही ऐकायचो. पण ऐकणं आणि ऐकून घेणं यात फरक आहे, नाही का?

आमच्या जत्रेत बैलगाड्यांच्या आधी माणूस-कुत्र्याची शर्यत असायची. मारुतीच्या देवळापासून माळावरच्या विहिरीला वळसा घालून परत. दोर सुटता कामा नये आणि दोघांनी मिळून रेघ ओलांडायची. कुत्रं फरफटत आलं तर बाद, माणूस फरफटत आला तरी बाद. आज्या-पणज्यापासून सगळे कुत्र्याच्या गळ्यात दावं बांधायचे. विहिरीपर्यंत निम्मी कुत्री खोकायला लागायची, आणि लोक हसायचे.

मी रोज सकाळी ओढ्याकाठानं पाखरीला घेऊन पळू लागलो. तिसऱ्या दिवशी तिनं असा हिसका दिला की मी तोंडावर आपटलो. कोपरं सोलून घरी आलो, तर सुमन शेण काढत होती. तिनं हात धुतले, पाखरीची मान चाचपली आणि हळूच म्हणाली —

‘‘आवं, बैलाच्या गळ्याला दोर लावून नांगर वढत्यात व्हय? खांद्यावर जू देत्यात न्हवं? मग हिच्या गळ्यालाच का?’’

मी बैलांच्या घरात वाढलेला. मला हे कसं सुचलं नाही? कुणालाच कसं सुचलं नाही?

दोन दुपारी तिनं काम केलं. माझा जुना, फाटलेला पिट्ठू, म्हणजे पलटणीतली पाठीवरची पिशवी, उसवून त्याचे खाकी पट्टे काढले. पाखरीची छाती वितीनं मोजली. काख सोलू नये म्हणून आतून जुन्या लुगड्याचं अस्तर लावलं. दाव्याची लोखंडी कडी पाठीवर बसवली. ट्यूब माझ्या भावाच्या सायकलची. राहिलेल्या पट्ट्याचा माझ्यासाठी कमरबंद. वर मला दोन कानडी शब्द शिकवले, कारण पाखरीला मराठी कळायचंच नाही — ‘नडी’ म्हणजे चल, ‘निल्ल’ म्हणजे थांब.

आणि शर्यत! काय सांगू तुम्हाला — आजही आठवलं की छाती फुगते. अकरा जोड्या उभ्या होत्या. तीन वर्षं जिंकलेला दादासो त्याच्या गाढवाएवढ्या कुत्र्याला दाव्यानं आवळून धरून होता. हलगी वाजली आणि सगळे सुटले. मी सुरुवातीला सहावा होतो. विहिरीच्या वळणावर ‘निल्ल’ म्हणालो, पाखरी दबली, आम्ही आतल्या बाजूनं वळलो. दादासोचं कुत्रं खोकत बाहेर फेकलं गेलं. मग मी ओरडलो — ‘नडी! नडी!’ ती ट्यूब ताणली गेली, आणि माझे पाय माझे राहिले नाहीत हो! कमरेपासून कुणी पुढं नेतंय, आणि मी नुसता उडतोय. पाठीमागं पुरं एक शेत सोडून आम्ही रेघ ओलांडली. गुलाल, फेटा, खांद्यावर मिरवणूक. आयुष्यात पुढं पदकंही मिळाली, पण असं जिंकणं पुन्हा मिळालं नाही.

सरपंचांनी भोंग्यावर बोलावलं. सगळं गाव समोर. बायांच्या घोळक्यात आई, तिच्यामागं सुमन — हातात पाखरीसाठी पाण्याचा तांब्या. सरपंचांनी विचारलं, ‘‘गड्या, कुत्रीला हे काय बांधलंयस रं?’’

एक वाक्य होतं. ‘माझ्या बायकोनं केलं.’ तेवढ्यानं आईचं तोंड कायमचं बंद झालं असतं.

मी म्हणालो, ‘‘मिलिटरीचं हाय. आमच्यात असंच बांधत्यात.’’

टाळ्या पडल्या. आमच्याकडे मिलिटरीचं म्हटलं की फाटकं घोंगडंही लोक डोक्याला लावतात. ‘नडी’ कुठला शब्द, असं कुणीतरी विचारलं. मद्रासी सुभेदाराकडून शिकलो, हेही मीच ठोकून दिलं. भीती नव्हती, कुणाची बळजबरी नव्हती. मला ते सगळं हवं होतं — फेटाही, आणि अक्कलही.

घरी आईनं ओवाळलं आणि सुमनकडे वळून म्हणाली, ‘‘शीक जरा नवऱ्याकडनं.’’ मी पेढा खात होतो. खात राहिलो.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी बरं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सुमन पाखरीचे पाय चोळत होती. मान वर न करता तिनं विचारलं —

‘‘आवं, मिलिटरीत असंच असतंय व्हय?’’

कल्पना करा. ज्या हातांनी पट्टा शिवला, त्याच हातांची बाई मला विचारतेय. अंगणात तिसरं कुणी नाही. आणि मी काय म्हणालो?

‘‘व्हय. असंच असतंय.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली.

पुढं पट्टा विट्यापर्यंत गेला. ज्याला त्याला तो हवा. मी सांगायचो, सुमन शिवायची. आई त्यानंतर अकरा वर्षं जगली, आणि शेवटपर्यंत आमटीत मीठ जास्त पडलं की जतच निघायचं. सुमन मात्र त्या दिवसापासून चारचौघांत त्याला ‘मिलिटरीचा पट्टा’च म्हणते, चेहरा जराही न हलवता. ‘‘आवं, मिलिटरीचा पट्टा कुठं ठिवलाय?’’ पन्नास वर्षं झाली. ती चेष्टा आहे, की शिक्षा, की माया — मला कळलेलं नाही. विचारायची हिंमतही झालेली नाही.

आत्ता ती ओसरीवर चष्मा लावून बसली आहे. नात पोलीसभरतीसाठी पळते. तिच्या कुत्र्यासाठी सुमन पट्टा शिवते आहे. मघाशी नातीनं विचारलं, ‘‘आजी, हे कुणी शोधलं गं?’’

‘‘तुझ्या आज्यानं. मिलिटरीतनं आणलंया,’’ ती म्हणाली, आणि दातानं दोरा तोडला.

हे छापून आलं की ती वाचेल. काय म्हणेल, ते मी विचारणार नाही. पट्टा मिलिटरीचा नव्हता. तो जतच्या गौरव्वाचा होता. शर्यत तिनं जिंकली, फेटा मी बांधला.