शुक्रवारची भट्टी

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ‘नॅनो’ हा शब्द भिवंडीत एकट्या मला माहीत होता, आणि त्याला सर्वांत जास्त विटलेला माणूसही मीच होतो. इथल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत मी झिंक ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांवर पीएच.डी. करत होतो.

कृती म्हटली तर सोपी. झिंक नायट्रेटच्या पाण्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी थेंबथेंब सोडायचं, दह्यासारखा साका बसला की धुऊन, वाळवून भट्टीत भाजायचा. तापलेली पूड पिवळी दिसते, निवली की पांढरी. पण आच जरा वाढली की कण एकमेकांना चिकटून जाडे होतात, आणि तुमचं संशोधन रंगवाल्याकडच्या पोत्यातल्या सफेद्याच्या लायकीचं उरतं.

पहिली पूड नशिबाने अशी बारीक जमली की कोणी शिंकलं असतं तर अर्धा प्रबंध गावाबाहेर टेमघरला जाऊन पडला असता. मुंबईचे माझे मार्गदर्शक म्हणाले, “छान. अशीच पुन्हा करून आणा. नाहीतर विषय दुसऱ्याला देतो.”

अशीच! भिवंडीत! आमच्या जुनाट भट्टीला तापमान धरून ठेवायची अक्कल नव्हती. बटण फिरवायचं आणि काट्याकडे बघत बसायचं. गावातले कापडाचे लूम चालू असले की व्होल्टेज असं बसायचं की भट्टीत पापडही लाजून कच्चा राहावा. शुक्रवारी सुट्टीमुळे लूम बंद, की व्होल्टेज चढून पंखे छत घेऊन उडायला बघायचे. शेजारच्या लूममालकांना विनवलं, “शेठ, एक दुपार लूम बंद ठेवता?”

“तुमची पावडर भाजायला? मास्तर, इथे मीच रोज भाजला जातोय!”

मग शुक्रवार धरला. बटण अर्ध्यावर बेताने लावलं आणि डबा खाऊन आलो, तर भट्टी लालबुंद. प्रयोगशाळेचे शिपाई चाचा खुशीत म्हणाले, “सर, तुम्ही अर्ध्यावरच सोडून गेलात. मी फुल्ल केला.”

“चाचा, आज शुक्रवार!”

“म्हणून तर नमाजला जायच्या आधी आठवणीने केला. व्होल्टेजचा काय भरोसा?”

रागवणार कोणावर? भिवंडीचा माणूस इस्त्री असो, पंखा असो, बटण दिसलं की शेवटपर्यंत पिळतो. पूड निघाली ती वरीच्या तांदळासारखी.

पुढच्या शुक्रवारी मी जेवलोच नाही. एक हात बटणावर, दुसरा चाचांच्या मनगटावर.

“सर, नमाजला तरी सोडा!”

“जा. आल्यावर दारातूनच सलाम करा.”

मुंबईला माझ्या सरांनी पहिल्या आणि या नव्या, दोन्ही पुडींचे क्ष-किरणांचे आलेख एकावर एक ठेवून खिडकीशी धरले. कण बारीक असले की आलेखातले सुळके बसके नि रुंद येतात. दोन्हींचे आले होते, अगदी जुळ्या भावांसारखे. मी पिशवीतल्या पेढ्यांना हात घातला.

“उत्तम,” सर म्हणाले. “आता तिसऱ्यांदा. दोनदा काय, योगायोगानेही जुळतं.”